मेणातली कवळी

३ नोव्हेंबर

पाच रेघा मारल्या आणि तशीच बसले. काल एका मासिकात वाचलं – मोठा निर्णय घ्यायच्या आधी ज्यांना विचारावं, अशी पाच माणसं प्रत्येकाकडे हवीत. पाच! माझ्याकडे कपाटभर जबडे आहेत, प्लॅस्टरचे, नंबर घातलेले. त्यातला एकही बोलत नाही.

प्रश्न एवढाच – दुसऱ्या शहरातल्या मोठ्या डेंटल लॅबने बोलावलंय. कवळ्यांच्या विभागाची मुख्य म्हणून. म्हणजे माझी ही एका खोलीची लॅब बंद करायची आणि सगळा बाडबिस्तरा गुंडाळून निघायचं. वीस तारखेपर्यंत हो की नाही ते कळवायचंय.

५ नोव्हेंबर

पहिल्या रेघेवर दादा. फोन केला. "तुझं तू ठरव, आम्ही काय सांगणार!" मागून वहिनी – "घर केवढं देणारेत विचारा. सुट्टीत जाता येईल." झाला सल्ला.

७ नोव्हेंबर

मला हे काम शिकवलेल्या सरांकडे गेले. अर्धा तास डोळे मिटून ऐकलं त्यांनी. मग म्हणाले, "छान, छान. आणि तुझं लग्न ठरलं होतं, त्याचं काय झालं?"

सर, ते ठरलं, झालं आणि मोडलंसुद्धा! त्यांच्यासमोर हसले. जिन्यात रडू आलं.

८ नोव्हेंबर

दातांचे डॉक्टर. यांचं निम्मं काम माझ्याकडे येतं. "अजिबात जाऊ नका हं ताई! अशी चपखल कवळी मला कोण करून देणार?" निघताना हातात दोन मापं ठेवली. अर्जंट म्हणे.

१० नोव्हेंबर

दिवसभरात कुणाशी बोलले? रेडिओशी. तेही भांडलेच.

१३ नोव्हेंबर

चौथ्या रेघेवर कुणाचं नाव यायचं ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं. उगाच आढेवेढे घेत होते.

फटकळ. जुन्या लॅबमध्ये सगळे तिला तेच म्हणायचे. आमची टेबलं शेजारी. अकरा वर्षांपूर्वी लग्न ठरलं तेव्हा मीच विचारलं, "काय वाटतं गं तुला?" हातातलं काम न थांबवता म्हणाली, "अगं, कवळीसुद्धा आपण आधी मेणात दात लावून तोंडात बसवून बघतो. एकदा पक्की केली की दात हलवता येत नाही. आणि तू दोनदा भेटलेल्या माणसाशी थेट पक्कंच करायला निघालीस!"

इतका राग आला! मी कौतुक ऐकायला गेले होते. तिला लग्नाला बोलावलं नाही. लॅबही सोडली. तीन वर्षांत लग्न मोडलं, तेव्हा तर तिला तोंड दाखवायची लाज वाटली – न जाणो, "बघ, मी म्हटलं होतं" म्हणाली तर! पण ती तसं म्हणणाऱ्यातली नव्हती. हेही मला माहीत होतं.

तेव्हापासून कुणाला काही विचारलंच नाही. आज इतकी एकटी आहे, त्यात माझाही हात आहे.

१४ नोव्हेंबर

तिला फोन लावला. वाजत राहिला. उचलला नाही. बरंच झालं! (कसलं बरं.)

१६ नोव्हेंबर

परत लावला. नाहीच. अजून रागावलेली असणार. असू दे, हक्क आहे तिचा.

पण मेण तापवत बसले होते आणि एकदम वाटलं – ती काय म्हणाली असती हे मला तोंडपाठ आहे की! लगेच मोठ्या लॅबला कळवलं: आधी एक महिना येऊन काम करून बघते, मग पक्कं सांगते. ते चक्क "चालेल" म्हणाले. इथल्या खोलीला महिनाभर नुसतं कुलूप लावायचं. एवढं सोपं होतं! कधी एकदा तिला सांगते असं झालंय.

१८ नोव्हेंबर

तिच्या नंबरवरून फोन आला. आवाज कोवळा. तिची मुलगी – मी पाहिली तेव्हा हिचे दुधाचे दात पडत होते.

"मावशी, आई गेली. दीड वर्ष झालं. फोनवर तुमचं नाव दिसलं, पण उचलायचा धीर होईना."

मग म्हणाली, "आईने कपाटाच्या दाराला आतून यादी चिकटवलीय. अडलं तर कुणाला विचारायचं त्याची. पहिला प्लंबर आहे. दुसऱ्या तुम्ही. तुमच्या नावापुढे लिहिलंय – 'फुगून बसली असेल. तरी हिलाच विचार.'"

आणि शेवटी – "मावशी, विचारू?"