कोळशाला धूर नसतो

८ नोव्हेंबर
शी! आज पुन्हा पेटवलं त्या जिलानीने! गाडीचं जळकं तेल, वर बॅटरीच्या फुटक्या पेट्या. धूर कसला, काळा चिखल तो – हवेत उडणारा! दोरीवरच्या चादरींवर काजळीच्या अळ्या. वसीला तोंडाला रुमाल लावून आत पळाली.

पाचवा महिना आहे सूनबाईला. शहरातली हवा घाण म्हणून निझारने तिला बेटावर आणून सोडली. "बाबा, तुमच्या हवेत वाढू दे बाळ." आणि शेजारी हे!

किनाऱ्यावर गेलो. तो कढईत शिसं ढवळत बसलेला, लेंगा तेलाने थबथबलेला.
"जिलानी, माणूस आहेस का गटार?"
"नाकाला अत्तराचा बोळा लाव, हम्मादी! मला जाळ्याची वजनं ओतायचीत, गुलाबपाणी नाही काढायचं."

सत्तरीला आला, पण लाज म्हणून नाही.

९ नोव्हेंबर
वजनं मलाही ओतायचीत. पंधरवड्यात माकुळ मासळी किनाऱ्याकडे येईल आणि माझी दोन जाळी पाण्यावर तरंगताहेत, तळाला बसायचं नाव नाही. शिसं आहे – जुने नळ, फाटक्या जाळ्यांची वजनं. बॅटरीला मी हात लावत नाही. प्रश्न जाळायचं काय, हा.

गॅस म्हटला तर सालहा अंगावर आली. "सिलिंडरची गाडी आठ दिवस नाही आली. आधी माझी कढई, मग तुमचं जाळं!" बायको बोलते ते चूक नाही.

खजुराच्या फांद्या लावून पाहिल्या. पाहुण्याच्या रागासारख्या – भडकल्या काय, विझल्या काय. शिसं नुसतं घामेजलं.

११ नोव्हेंबर
तेलघाण्यावरून जैतुनाच्या चोथ्याच्या वड्या आणल्या. जाळ चिवट, पण वास! आंबलेलं तेल आणि ओलं कुत्रं एकत्र भाजल्यासारखा. वसीलाला उलटी झाली. उरलेल्या वड्या दूर नेऊन टाकल्या. माझी मलाच किळस आली.

१२ नोव्हेंबर
रॉकेलचा स्टोव्ह. आच झकास. रात्री भाकरीला रॉकेल, चहाला रॉकेल, उशीला रॉकेल! बंद.

१३ नोव्हेंबर
सापडलं! जैतुनाच्या लाकडाचा कोळसा. लाल, शांत, धूर नाही की वास नाही. माणसाने असं जगावं.

एकच अडचण – अंगणात वारा. त्यात भुरभुर आली. एक थेंब कढईत पडला आणि शिसं फाडकन् उडालं! मनगटावर दोन फोड. म्हणून शेगडी उचलून आत घेतली, स्वयंपाकघराच्या खोलीत. सालहा कुरकुरली. म्हटलं, "धूर दाखव, काडीभर तरी दाखव, लगेच बाहेर नेतो." तिला दाखवता येईना!

१४ नोव्हेंबर
चाळीस वजनं. धूर शून्य!

१८ नोव्हेंबर
संध्याकाळ कशी सोन्यासारखी गेली. वजनं ओतून झाली की त्याच निखाऱ्यांवर चहा. वसीला शेजारी बसून लोकर विणते. "बाबा, बेटावरची सगळ्यात ऊबदार जागा ही." राखही वाया नाही – सालहाने त्या राखेने भांडी घासली, आरशासारखी निघाली. कढईवरचा करडा मळ काढून डब्यात ठेवतो, पुढल्या खेपेला त्यातून थोडं शिसं निघतं.

पलीकडे जिलानीचा धूर समुद्राकडे चाललेला. थुंकलो.

२४ नोव्हेंबर
वसीला जेवत नाही. पोटात कळा, डोकं ठणकतं, चार दिवस पोट साफ नाही. म्हणते तोंडात नाणं धरल्यासारखी चव. चेहरा पिठासारखा.

कोणाचं पाप ते मला ठाऊक आहे! गेलो तडक.
"तुझ्या धुराने माझी सून पडली!"
जिलानी उठला. पहिल्यांदाच दात काढले नाहीत.
"वारा घरांकडून पाण्याकडे असेल तेव्हाच पेटवतो मी. ते आठ तारखेला वारा मध्येच फिरला, ती माझी चूक. पण नातींना इथे पाय ठेवू देत नाही. हे कपडे बाहेरच काढतो, न्हाल्याशिवाय उंबरा चढत नाही. तू कुठे ओततोस?"
"आत. शेगडीवर."
"आत?"
"कोळसा आहे. धूर नाही."
"हम्मादी, कढईत कोळसा असतो की शिसं?"

म्हटलं, बॅटऱ्या जाळणाऱ्याने मला शिकवू नये. आलो निघून. घाणेरडा माणूस, वर शहाणपण!

२७ नोव्हेंबर
सालहा म्हणते नजर लागली. तरणी पोर, भरलं पोट, बघणारे डोळे कमी का? तिच्या आईपासून चालत आलेली रीत – शिसं ओतायचं. कोपऱ्यातली शेगडी मीच फुलवली, चांगल्यातला चांगला तुकडा मीच काढून दिला.

वसीलाच्या डोक्यावर चादर धरली, वर पाण्याचं भांडं. सालहाने पळी उलटली. चर्रर्र! वाफ चादरीखाली शिरली, पोर खोकली. पाण्यात शिसं गोठलं ते हुबेहूब डोळ्यासारखं. "बघा! कोणाचा तरी होताच!" मग त्याच निखाऱ्यांवर धूप. तीन दिवस करायचं.

२९ नोव्हेंबर
तिसरा दिवस. डोळा लहान झाला, सालहा खूश. वसीला भिंतीला धरून चालते.

३ डिसेंबर
दवाखान्यातल्या नर्सबाईने पापणी ओढून पाहिली, रक्त घेतलं. "रक्त फार कमी आहे, काका. आणि नुसतं कमी नाही. उद्याच्या बोटीने स्फॅक्सच्या मोठ्या इस्पितळात न्या." घरात काय काम चालतं, विचारलं. मी म्हटलं, काही नाही, मासेमारी.

काही नाही म्हटलं मी.

९ डिसेंबर
डॉक्टरीणबाई निझारच्याच वयाच्या. रिपोर्ट हातात. "रक्तात शिसं आहे. कुठून आलं?"

मी छाती पुढे काढून सांगितलं – शेजारी. जळकं तेल, बॅटऱ्या.
"त्याच्या घरात कोणी आजारी आहे?"
"नाही."
"आणि तुमच्या घरात काय वितळतं?"

कोळशाचं सांगितलं. धूर नाही, वास नाही. ऐकून घेतलं त्यांनी. मग म्हणाल्या, "आजोबा, धूर दिसतो म्हणून माणूस पळतो. शिशाची वाफ आणि धूळ दिसत नाही. ती जमिनीवर बसते, राखेत बसते, भाकरीवर बसते." आणि ते नजर काढणं? तेही सांगावं लागलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

बाळाचं विचारलं. "ठोके नीट आहेत. पण आईतलं बाळात जातं. लोह देऊ, कॅल्शियम देऊ, तपासत राहू. शिशाचा आकडा उतरेपर्यंत तिने त्या घरात पाऊल टाकायचं नाही. तुम्ही दोघांनीही रक्त द्या."

निझारने माझ्याकडे न बघता तिची पिशवी उचलली. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. वसीला मात्र म्हणाली, "बाबा, मीच तर बसायचे ऊब घ्यायला." मला सावरायला म्हणाली!

रोग रेड्याला आणि औषध पखालीला – दुसऱ्यांना हसत आलो जन्मभर.

११ डिसेंबर
शेगडी, कढई, मळाचा डबा, पिठाचं पोतं, सगळं बाहेर. झाडायचं नाही म्हणाल्या होत्या डॉक्टरीणबाई, ओल्या फडक्याने पुसायचं. पुसलं. फडकं करडं. पुन्हा पुसलं, पुन्हा करडं. सालहाने आरशासारखी भांडी एकेक करून उचलली आणि खाली बसली. "मी हिला यातच जेवायला वाढत होते हो."

तिच्याकडे बघवेना. भिंती खरवडाव्या की घर सोडावं, कळत नाही. चहाचा कप कितीही विसळला तरी पुन्हा विसळतो.

२ जानेवारी
आमचे दोघांचेही आकडे आले. वाढलेलेच. त्याचं काही नाही. वसीलाचा उतरतोय.

७ फेब्रुवारी
वसीलाचा फोन. आकडा बराच खाली आलाय, बाळ लाथा मारतं. रविवारी दोघं येणार! सालहा ऐकूनच रडली. मी म्हटलं, पोरी, खोली तीनदा चुन्याने रंगवलीये, नवं पीठ आणलंय.

ती हळूच म्हणाली, "येतो हो, बाबा. पण निझार म्हणतो, उतरायचं जिलानीकाकांकडे."