फ्लोरच्या हातात फिरतं

शनिवार, १६ नोव्हेंबर १९५७
एर्स्तालला पोचले. ट्रामच्या थांब्यावर फ्लोर गरम वाफल घेऊन उभी होती. सगळ्या ट्रामला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलंन, काय गं जोसेट, पदवी पेटीत ठेवलीस की गळ्यात घालून आलीस? धाकटी बहीण, थट्टा करायचीच. सोमवारपासून मी मुलींच्या तंत्रशाळेत गणित शिकवणार. घरात पदवी घेतलेली मी पहिली. कामगारांच्या मुलींसाठी संध्याकाळचा फुकट वर्गही काढणार आहे.

घर आजोबांचं. वर माझी खोली, खाली त्यांची बंदुकांची कार्यशाळा. आईबाबांनी मला शाळेत ठेवलं आणि बाराव्या वर्षी फ्लोरला इथे धाडलं. उन्हाळ्यात आजोबा गेले. त्यांचं रिव्हॉल्व्हर फ्लोरला मिळालं, शब्दकोश मला. योग्यच आहे.

रविवार, १७ नोव्हेंबर
एक डिसेंबरला धातूकाम करणाऱ्यांच्या संत एलुआचा सण. या गल्लीची रीत अशी, की गेलेल्या कारागिराचं हत्यार वारसाने सगळ्यांदेखत मातीच्या ढिगात एकदा झाडायचं. बार निघाला की त्याचा कामाचा बाक वारसाचा. त्या बाकावर अजून बाई बसलेली नाही. फ्लोर बसणार.

रिकामं रिव्हॉल्व्हर मी हातात घेतलं. घोडा मागे ओढला की काडतुसांचं चक्र एक घर सरकायला हवं. सरकलं नाही. फ्लोरने ओढलं, सरकलं. तिला हसू आवरेना. म्हणाली, त्याला हात ओळखू येतो, इंजिनियरबाई. मी म्हटलं, यंत्राला कारण असतं, मी शोधते.

बुधवार, २० नोव्हेंबर
उघडून पाहिलं. चक्राला ढकलणारी एक पोलादी पट्टी असते, कारागीर तिला ‘बोट’ म्हणतात. तिची झीज मोजली, काही नाही. स्प्रिंग ताठ. मग फ्लोरने मला इथली पद्धत दाखवली: सुटा भाग दिव्याच्या काजळीवर धरून काळा करायचा, बसवायचा, चालवायचा. काजळी पुसली जाईल तिथे घासतं आहे. तिने चालवलं, बोटाचं टोक लख्ख झालं. मी चालवलं, काजळी जशीच्या तशी. तिचे दहापैकी दहा, माझा एकही नाही.

काजळी धरताना तिचं मनगट आजोबांसारखं वळतं. मला ते फक्त पत्रातून, मन लावून अभ्यास कर, असं लिहायचे. कानशीला कधी हात लावू दिला नाही.

शनिवार, २३ नोव्हेंबर
आजोबांचे जोडीदार लाम्बेरकाका आले. त्यांच्या हातातही फिरलं. म्हणाले, हत्यार ठणठणीत आहे पोरी, तू पुस्तकं तपास. मग फ्लोरने घासलेला एक चाप खिडकीशी धरून कितीतरी वेळ बघत राहिले. म्हाताऱ्याचा हात हिच्यात उतरला आहे, म्हणाले. मी कॉफी ओतत होते.

सोमवार, २५ नोव्हेंबर
फिरलं! फ्लोर पाठमोरी, शेगडीवर सूप ढवळत होती. मी बाकापाशी बसून लाम्बेरकाकांचं ते हात उतरल्याचं वाक्य आठवत होते. नकळत घोडा ओढला आणि चक्र लोण्यासारखं सरकलं. ती बाहेर गेल्यावर पुन्हा करून पाहिलं. नाही.

बुधवार, २७ नोव्हेंबर
एका वेळी एकच गोष्ट बदलायची, असं आम्हाला शिकवलं आहे. भिंतीकडे रोखलं, नाही. दाराकडे, नाही. फ्लोरच्या पाठीकडे, बारापैकी बारा. तिला कळू दिलं नाही.

दुपारी मला शिंका आल्या तर तिने आपली शाल माझ्या खांद्यांवर टाकली. तेव्हाही रोखलं होतं. फिरलं नाही. म्हणजे बदलतं ते तिच्यात नाही.

शुक्रवार, २९ नोव्हेंबर
आज फ्लोरने माझ्या हातात चक्र फिरताना पाहिलं. विचारलं, काय बिघडलं होतं? स्प्रिंग, मी म्हटलं. ती गल्लीभर सांगत सुटली, माझ्या बहिणीने दुरुस्त केलं. मला लाज वाटायला हवी होती. मनात आलं, आता माझं कौतुकही हिचंच झालं.

बोट काढून खिशात ठेवलं आहे. त्याच्याशिवाय चक्र फिरणं शक्य नाही.

शनिवार, ३० नोव्हेंबर
फिरलं. फ्लोर बाकावर बसून बघत होती, कसं वाटतं ते— बोट माझ्या खिशात होतं. खिशातल्या हाताने मी ते मुठीत धरलं होतं.

सांगायला हवं. पण काय सांगू? की मला तुझ्याबद्दल—

रविवार, १ डिसेंबर, सकाळी
आजोबांनी राखून ठेवलेलं एकमेव काडतूस लाम्बेरकाकांनी भरलं. मग फ्लोरने रिव्हॉल्व्हर वर आणून माझ्या टेबलावर ठेवलं. म्हणाली, शेवटचं एकदा बघ, इंजिनियरबाई, तोवर मी केस विंचरून येते.

काडतूस काढता येत नाही. काडतूस भरायची झडप उघडत नाही, नखं सोलवटली. खिडकीखाली अंगण माणसांनी भरलेलं, फेकणार कुठे? बोट अजून माझ्या खिशातच आहे, तरी नळी भिंतीकडे करून ठेवलं. हात लावत नाही. हात लिहिण्यात गुंतवले आहेत.

खाली टाळ्या. लाम्बेरकाका सांगताहेत, म्हाताऱ्याची खरी नात ती हीच. खरी—

नाही. वाफल. शाल. माझी बहीण आहे. शाल. शाल.

नळी भिंतीकडे होती. आता दाराकडे आहे.

जिन्यावर तिची पावलं. ओरडते, वर येऊ नको— आवाज फुटत नाही. घोडा मागे सरकतो आहे. दोन्ही हात वहीवर आहेत, दोन्ही— चक्र फिरलं. दाराची कडी— फ्लो