मोड्याचे तीन दिवस

॥ श्री ॥

उमरोळी
मंगळवार, ४ नोव्हेंबर २०२५
वैकुंठ चतुर्दशी

तीर्थस्वरूप सुगंधावन्संना अर्चनाचा वाकून नमस्कार.

बुधाच्या रिक्षातून पाठवलेलं सगळं काल दुपारी पोचलं. दुधी एक, शिराळी चार, हळव्या भाताचे नवे तांदूळ पायलीभर, केळीच्या पानात बांधलेली जास्वंद. रिक्षाचे सत्तर रुपये झाले. बुधा म्हणाला, "वयनी, हाकेवरचं घर, पण पुलावरून वळसा मारायचा म्हंजे मला पण पेट्रोल लागतं." दिले. सगळ्यांत खाली तुम्ही रोज फुलं वाहायच्या ती देवाची परडी होती, परत केलेली. ती बघितली आणि पिशवीचं तोंड पुन्हा बांधून ठेवलं.

इकडे सर्व ठीक. यांची कंपनीत या आठवड्यात सकाळची पाळी आहे. पहाटे डबा घेऊन बोईसरला जातात, जाताना विचारतात, "ताई काल पण आली नाही?" मी म्हणते, भातकापणी चालू आहे, दमल्या असतील. देवापुढे उभं राहून खोटं बोलायची मला सवय नव्हती, ती आता होत चालली आहे.

आज वैकुंठ चतुर्दशी. बेल आणि तुळस दोन्ही वाहिलं. तुम्ही असता तर बेल डावीकडे सरकवला असता आणि म्हणाला असतात, "आय असाच ठेवायची." आज कोणी सरकवला नाही.

वन्सं, पत्र लिहिते आहे याचं तुम्हाला हसू येईल. माझ्या मागच्या दारातून तुमच्या कौलांवर वाळत घातलेलं सूप दिसतं. हे पत्र मात्र पालघरला जाणार, तिथून फिरून पोस्टमन तुमच्या दारी यायला दोन दिवस तरी घेणार. फोन होता. तीनदा हातात घेतला. पण तुमचा आवाज ऐकला असता तर मी भाजीचं बोलले असते आणि ठेवून दिला असता.

मला पहाटे मोरी स्वप्नात येते. रोज नाही, पण येते. आपली रुळांखालची दगडी मोरी, लोखंडी जाळी लागायच्या आधीची. स्वप्नात ती लांबत जाते. मी आत चालते आहे, पायाखाली पाणी आहे पण त्याला आवाज नाही. पलीकडच्या तोंडाशी उजेड तांदळाच्या दाण्याएवढा. वरून गाडी जाते, तीही कोणी झोपेत कूस बदलावी इतकी हळू. आणि मधेच दगडी कट्ट्यावर सासूबाई सूप घेऊन बसलेल्या असतात. मी विचारते, आई, इथे अंधारात काय करता? त्या मान वर न करता म्हणतात, "कोण येतं, कोण जातं, ते मोजतंय. कोणीतरी मोजाया नको?"

मग जाग येते आणि पुढे झोप नाही.

तुम्हाला ती मोरी सकाळच्या वेळी माझ्या बाजूने कशी दिसायची ते ठाऊक नसणार. तुम्ही नेहमी उजेडाकडून यायच्या. ऊन तुमच्या मागे, त्यामुळे आधी नुसती सावली, डोक्यावर टोपली, मग पाण्यात हलणारी दुसरी उलटी सावली. मग "कूऽऽ" करून हाक, ती भिंतीला आपटून माझ्या ओट्यापर्यंत. "वयनीऽ, चाय ठेवलीस का नाय?" भाऊजी गेल्यावर तुम्ही माहेरच्या त्या तुकड्यावर राहायला आलात, तेव्हापासून नऊ वर्षं रोज.

आता जे लिहायचं ते लिहिते.

गेल्या शुक्रवारी मी तुम्हाला म्हटलं, "उद्यापासून येत जाऊ नका." तुम्ही अर्धा चहा ठेवून उठलात. तुम्हाला वाटलं असेल, वहिनीला आता आपला कंटाळा आला. शुक्रवारपुरतं ते खरं नाही. त्या दिवशी धुकं होतं. मी मागच्या दारी भांडी घासत होते आणि तुम्ही रुळांच्या बांधावर चढताना दिसलात, गाठोडं डोक्यावर. खडीत तुमची चप्पल अडकली. तुम्ही वाकलात. तेवढ्यात भोंगा झाला आणि अलीकडच्या रुळावरून गाडी आली, आणि तुम्ही तिच्या पलीकडे गेलात. दिसेनाशा झालात. डब्यामागून डबा जात होता. मी रामरक्षा म्हणायला घेतली तर पहिली ओळ आठवेना. गाडी सरली, तर तुम्ही दोन रुळांच्या मधे उभ्या, हातात चप्पल, आणि मला बघून हसताय. "अगं, नवी हाय! सोडून येतंय काय?"

त्यावर मी चहा केला, तुम्हाला दिला, आणि ते वाक्य बोलले. भीतीने बोलले. आणि भीतीच्या खाली दुसरं होतं, ते तुम्हाला माहीत नाही.

मे महिन्यात रेल्वेचा माणूस आला होता, आठवतो? प्रदीप नावाचा, चष्मेवाला. मोरीतला गाळ काढून द्या, गळणारं छत बांधून द्या, असा गावाने अर्ज केला होता. तो माझ्या ओट्यावर बसून म्हणाला, "काकू, तुमचं घर सगळ्यांत जवळ. आमच्या कागदावर ही पाण्याची मोरी आहे. लोक म्हणतात वाट आहे. तीन दिवस बसून मोजतो. कोणते दिवस बरे?"

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं आणि म्हटलं, "सोमवारपासून बसा ना."

सोमवारपासून मोडा होता, वन्सं.

पेरणीआधीचे ते तीन दिवस. नांगर नाही, विळा नाही, शेतात पाऊल नाही, म्हणून शेतातून मोरीकडे यायचं तुमचंही बंद, मातीला स्वस्थ पडू द्यायचं. त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक? तो नागपूरकडचा. जांभळाखाली मी त्याला खुर्ची दिली, ताक दिलं. तीन दिवसांत मोरीतून दोन शेळ्या गेल्या. बुधवारी संध्याकाळी त्याने वहीचं पान मला दाखवलं. सुबक अक्षरात लिहिलं होतं, "निरंक". म्हणाला, "काकू, तुम्ही शिकलेल्या आहात. साक्षीदार म्हणून सही करा." मी केली. दहावीच्या दाखल्यावर आहे तशीच, पूर्ण नाव.

विसरले होते असं लिहायला घेतलं होतं. तो कागद फाडला. मला माहीत होतं.

का, ते सांगते. तुम्ही यायच्या त्या आधी देवघरात जायच्या. मी आंघोळ करून येईपर्यंत फुलं तुमच्या हाताने वाहिलेली. हे उठल्यावर माझ्या चहाआधी तुम्हाला हाक मारायचे. यात वाईट काही नव्हतं. तुमचे देव, तुमचा भाऊ. पण त्या मोड्याच्या तीन सकाळी माझं घर माझं होतं. जास्वंदीची सगळी फुलं मी एकटीने तोडली. एकटीने आरती केली. आणि बुधवारी सही करताना मला चौथी सकाळ हवीशी वाटली. एवढंच होतं, वन्सं. इतकं लहान, की पाप म्हणायलाही लाज वाटते.

पुढे ग्रामपंचायतीत रेल्वेचं उत्तर वाचून दाखवलं तेव्हा तुम्ही माझ्या शेजारी बसला होतात. ही वाट नसून पाण्याचा निचरा आहे, नवी वाट हवी तर गावाने खर्च भरावा. जूनमध्ये दोन्ही तोंडांना जाळी बसली. सगळे त्या प्रदीपला बोलले. तुम्ही म्हणालात, "मेल्याने झाडाखाली झोपाच काढल्या असतील." मी म्हटलं, "असेल." त्याच्या पोटात माझं ताक होतं आणि मी "असेल" म्हटलं.

आणि तुम्ही वरून यायला लागलात.

शुक्रवारी तुम्ही गेल्यावर मी तशीच उठून दामूकाकांकडे गेले. रुळांवर हातोडा घेऊन फिरण्यात त्यांचा जन्म गेला, त्यांना कायदा ठाऊक. ते म्हणाले, "लाइन टाकताना ज्याच्या जमिनीचे दोन तुकडे केले, त्याला वाट द्यायची आणि दिलेली वाट नीट राखायची, ते रेल्वेवरच हाय. दहा वर्षांत मागायचं, मग मागितलं तर आपल्या पैशाने. पण आपण नवी मागतोय कुठं? ती दिलेलीच हाय. मोरीत एका अंगाला पाय ठेवायला कट्टा बांधलाय ना? पाण्याला कट्टा कशाला लागतो?"

मी म्हटलं, मग हे सांगायचं ना साहेबांना!

"सांगितलं गं. ते म्हणतात, कट्टा असंल, पण तुमच्याच गावची सही हाय, कोणी जात नाय म्हणून." आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "कोणाची ती, त्यांनी नाव सांगितलं नाय."

मी काल अर्ज लिहिला. ती सही माझी आहे, ते दिवस मोड्याचे होते, आणि हे मला तेव्हाच माहीत होतं, अशा तीन ओळी. रजिस्टर पोस्टाने पाठवायच्या आधी रेल्वेच्या कार्यालयात फोन केला. गुरुवारी, वीस तारखेला, अकरा वाजता पालघरला जबाब घेणार आहेत. गावातली माणसं असतील. हेही असतील. यांना मी अजून सांगितलेलं नाही. आधी तुम्हाला कळावं, मग घराला, मग गावाला, असं मनाने घेतलं.

त्या जबाबाला एका माणसाची साथ लागेल, जो त्या वाटेने सर्वांत जास्त चाललाय. ते तुम्ही. तुम्ही आलात तर मोरी पुन्हा वाट ठरू शकते. माझ्यासाठी या असं म्हणायचं तोंड मला नाही. मोरीसाठी या. बुधाला मी सांगून ठेवते, तो पुलावरून तुम्हाला घेऊन येईल. माझ्या शेजारी बसायला नको वाटलं तर दुसऱ्या बाकावर बसा.

आणि एक. यांच्याकडून नाही, बुधाकडून नाही, तुमच्या हातचं मला हवं आहे. चौथीपर्यंतचं अक्षर असलं तरी मला वाचता येतं. उलट टपाली कार्ड टाका आणि त्यात एवढंच लिहा, की रुळांवर चढणार नाही. भाताचे भारे राहू देत, देवाचं राहू दे, भाऊबीजेची साडी राहिली आहे तीही राहू दे, तुम्ही चढणार नाही. मला क्षमा केली की नाही, ते मागाहून कळवलंत तरी चालेल. कधीच नाही कळवलंत तरी चालेल.

पहिलं मात्र लगेच कळवा. मी रोज मागच्या दारी उभी असते.

तुमची वाट बंद करणारी
वहिनी
अर्चना