तुमचं इंग्लिश सूप

सर, परवा मुकुंदवाडीच्या बाजारात मी बीट, काकड्या आणि शेपूची जुडी घेतली, आणि घरी येईपर्यंत ठरवलं की तुम्हाला एकदा लिहायचं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आहेत की आता तुमच्याशी भांडायला हरकत नाही. शहराचं नाव बदललं आहे. चाची अजून औरंगाबादच म्हणते आणि छावणीतल्या तुमच्या त्याच घरात राहते. मी आता एका कारखान्यात तपासणी विभाग सांभाळते. माझं काम म्हणजे यंत्राचा भाग ड्रॉइंगप्रमाणे बनला आहे की नाही ते पाहणं, आणि नसेल तर तो परत पाठवणं. माणसांच्या बाबतीत हे मी फार उशिरा करायला लागले. तुमच्या बाबतीत तर केलंच नव्हतं.

रविवारी सकाळी मी पुंडलिकनगरच्या आमच्या घरून सायकलवर तुमच्या ओसरीवर यायचे. आधी इंग्रजी, मग ड्रॉइंग. मी नववीत असताना तुम्ही मला युरोपावर निबंध लिहायला सांगितला होता. मी भूगोलाच्या पुस्तकातून देशांची नावं उतरवली, आणि फ्रान्स, जर्मनी, इटली यांच्या रांगेत इंग्लंडही लिहिलं. तुम्ही लाल पेन्सिल उचलता, इंग्लंडवर आडवी रेघ मारता आणि वही माझ्याकडं सरकवता. "बेटा, इंग्लंड युरोपात नाही." मी म्हणते, "सर, पुस्तकात आहे." "पुस्तक लिहिणारा तिथं राहिला होता का? मी चार साल राहिलो. तिथला माणूस फ्रान्सला निघाला की म्हणतो, युरोपला चाललो. जो स्वतःच्या घरात बसलाय तो कधी म्हणेल का, मी घरी चाललो?" आतून चाची ओरडते, "झालं यांचं विलायत सुरू! पोरीला पाणी तरी विचारा!" तुम्ही हसत नाही. तुम्ही मला सगळा निबंध पुन्हा लिहायला लावता, आणि मी लिहिते, कारण तुम्ही तिथं राहिला होतात आणि मी मुकुंदवाडी स्टेशनच्या पलीकडं क्वचितच गेले होते.

तुमचं इंग्लंड मला पाठ होतं. तुम्ही तरुणपणी तिथल्या एका कारखान्यात, साचे आणि हत्यारं बनवणाऱ्या टूलरूममध्ये काम केलं होतं. तिथला माणूस रांग मोडत नाही, चुकीच्या मापावर सही करत नाही, दिलेला शब्द फिरवत नाही. निजामाचं राज्य संपवणाऱ्या पोलीस अ‍ॅक्शननंतर तुमच्या अब्बांची सरकारी नोकरी गेली आणि लहानपणी तुम्हाला राहतं घर सोडावं लागलं, हे तुम्ही फक्त एकदा बोललात. तेव्हा म्हणाला होतात, "त्यानंतर आपलं म्हणावं असं मला एकच ठिकाण मिळालं. तिथं मला कुणी विचारलं नाही, तू कुणाचा." हे ऐकून मी तुमच्यासाठी त्या देशाची आभारी झाले होते. शाळकरी मुलगी एका देशाची आभारी होते, हे आज मला विचित्र वाटतं, पण तसं झालं होतं.

आणि ते सूप. उन्हाळा लागला की तुमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत काचेची बरणी दिसायची. त्यात बीटाच्या फोडी आणि लसूण मीठपाण्यात घातलेलं, तोंडाला फडकं बांधलेलं. चाची नाकाला पदर लावायची. "हे बघ, तुझे सर पुन्हा बीट सडवायला बसले." पाणी आंबट झालं की तुम्ही ते दह्यात घुसळायचात, त्यात किसलेली काकडी आणि बारीक चिरलेला शेपू घालायचात आणि वर अर्धं उकडलेलं अंडं ठेवायचात. गार, गडद गुलाबी. आमच्या घरी अंडं शिजत नव्हतं. मी आयुष्यातलं पहिलं अंडं तुमच्या वाडग्यात खाल्लं, आणि पुंडलिकनगरला जाऊन सांगितलं नाही. "इंग्लिश सूप," तुम्ही म्हणायचात. "थोडं ऊन पडलं की तिथं घरोघर हेच."

मग माझा डिप्लोमा संपला. इथल्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीनं जर्मनीत शिकायला पाठवण्यासाठी काही मुलं निवडली, त्यात मी होते. मी पेढे घेऊन आले. तुम्ही पेढा हातात घेतलात आणि तसाच धरून बसलात. "जर्मनीत तू मेहमान राहशील, बेटा. आयुष्यभर मेहमान. थांब. इंग्लंडचं काहीतरी येईल. तिथं गेलीस की ते म्हणतील, तू तर आमचीच." मी म्हणाले, पण काम तर जर्मनीत चांगलं शिकवतात. "काम कुठंही शिकशील. घर कुठं मिळणार?" त्याच संध्याकाळी तुम्ही आमच्या घरी आलात. वडील गावाकडची शेती भावांवर टाकून शहरात नोकरीला आलेले. परदेश म्हणजे काय हे त्यांना तुमच्याकडूनच माहीत होतं. ते म्हणाले, "सर, तुम्ही तिथं राहून आलाय. तुम्ही म्हणाल तसं." मी नकार कळवला. माझ्या जागी यादीतली पुढची मुलगी गेली. ती अजून तिकडंच आहे. त्याच हिवाळ्यात तुम्ही गेलात, आणि तुमच्या शब्दाबद्दल विचारायला कुणी राहिलं नाही.

इंग्लंडचं काहीतरी यायला बरीच वर्षं लागली. तोवर मी नोकरी करत पदवी घेतली होती. आमच्या कारखान्याचे भाग तिकडच्या एका कारखान्याला जायचे, म्हणून मला तिथं पाठवलं. युरोपातून बाहेर पडायचं की नाही यावर तिथं मतदान व्हायचं होतं. माणसं वाईट नव्हती, हे मला नीट नोंदवायचं आहे. रांग मोडत नव्हती, मापांच्या बाबतीत चोख होती. आणि एका गोष्टीत तुम्ही शंभर टक्के खरे निघालात. तिथली माणसं खरंच म्हणायची, सुट्टीत युरोपला चाललो. जेवणाच्या सुट्टीत युरोपाबद्दल बोलताना त्यांचा आवाज असा लागायचा जसा आपल्याकडं भिंतीला भिंत लागून असलेल्या शेजाऱ्याबद्दल लागतो. त्याचा धूर आमच्याकडं येतो, त्याची पोरं आमच्या जिन्यात खेळतात. मी तिथं बसून मनात तुमची लाल रेघ पाहायचे आणि मला जरासा अभिमानही वाटायचा, की हे मला आधीपासून ठाऊक आहे.

एकदा थोडं ऊन पडलं तेव्हा मी तिथल्या पर्यवेक्षकाला विचारलं, तुमचं ते बीटाचं गार सूप कुठं मिळेल? वयस्कर, बोलका माणूस. त्यानं बाकीच्यांना हाक मारली. "ऐका, ही गार सूप मागतेय!" मग मला समजावल्यासारखं म्हणाला, "पोरी, सूप गरम असतं. गार सूप ते युरोपवाले पितात. बीट आम्ही व्हिनेगरमध्ये घालून बाटलीत ठेवतो." सगळे हसले. मीही हसले. मला वाटलं, तुमच्या वेळी पीत असतील, आता पद्धत गेली असेल. बघा सर, मापात बसत नसलेला भाग मी किती सहज पास केला.

मतदानाचा निकाल लागला त्या सकाळी चहाच्या यंत्रापाशी तोच माणूस माझ्याजवळ आला. शेजारी माझ्याच टेबलावर काम करणारी पोलंडची बाई कप भरत होती. तो खाली वाकून, अगदी मायेनं म्हणाला, "तू घाबरू नकोस हं. हे तुझ्याविरुद्ध नाही. तुम्ही लोक तर आमचेच." पोलंडच्या बाईनं कप भरून घेतला आणि निघून गेली. ती त्या गावात माझ्या कितीतरी आधीपासून होती. तिची मुलं तिथंच जन्मली होती. मी हे शब्द ऐकायला किती वर्षं थांबले होते, हे तुम्हाला माहीत आहे. ते मला असे मिळाले, दुसरीला उठवून केलेल्या जागेवर. चहा संपायच्या आत त्यानं विचारलं, "तुझा व्हिसा कधी संपतो म्हणालीस?"

दुपारी ती बाई रोजच्यासारखी माझ्यासमोर बसली. डबा उघडला. गडद गुलाबी. काकडी, शेपू, वर अर्धं अंडं. मी इतकी टक लावून पाहत राहिले की तिनं चमचा माझ्या हातात दिला. चवीबद्दल मी सहसा ठामपणे बोलत नाही. ही चव तुमच्या खिडकीतल्या बरणीची होती. ती म्हणाली, "माझ्या आजीचं. दुकानात असं मिळणार नाही, पाणी घरी आंबवावं लागतं." मी चमचा पुसून परत दिला.

परत आल्यावर मी चाचीकडं जायचं टाळत राहिले. वर्षानुवर्षं टाळलं. ईदला फोन करायचे, तेवढंच. गेल्या महिन्यात शेवटी गेले. चाची पलंगावर बसून लसूण सोलत होती. मी सरळ विचारलं, "चाची, सरांचं सूप इंग्रजांचं नव्हतं ना?"

चाचीनं वर पाहिलं. "अगे, तुला आज मालूम पडलं?"

"तुम्हाला माहीत होतं?"

"हौ. निकाहनंतर सांगितलं होतं. मेरेकोच सांगितलं, बस. किती घरांवर गेले, खोली रिकामी असायची, यांना बघितलं की भरून जायची. मग एक पोलंडची बेवा भेटली. लढाईत नवरा, घरदार गेलेली. तिनं ठेवून घेतलं. यांच्यासाठी पातेलं वेगळं ठेवायची, सुवराचं लागू नये म्हणून. ते सूप तिचं."

"आणि इंग्रज?"

"कुठले इंग्रज, बेटा. चार साल कारखान्यात बरोबर काम केलं. एकानं घरात चहाला बोलावलं नाही."

"मग आम्हाला असं का सांगायचे?"

चाचीनं लसणाचं टरफल फुंकलं. "विलायतेहून आलेला माणूस. सारी छावणी विचारायची, साहब, गोरे घरी बोलावतात काय? काय सांगणार? एकदा हो बोलले. मग हो बोलतच राहिले. शेवटी शेवटी तर त्यांनाच खरं वाटायला लागलं होतं."

सर, छावणीला सांगितलेल्या गोष्टीबद्दल माझी तक्रार नाही. लाज झाकायला माणूस काहीही सांगतो. माझी तक्रार त्या एका संध्याकाळची आहे, आमच्या घरातल्या. वडील तुमच्या तोंडाकडं पाहत होते. तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं की त्या देशात तुम्हाला दार उघडलं ते युरोपातल्या बाईनं. तुम्ही तिच्या हातचं खाल्लंत, तिच्या छताखाली झोपलात, आणि मला सांगितलंत की युरोपात तू मेहमान राहशील. निदान तेव्हा खरं सांगायचं होतं. जर्मनीत माझं भलं झालं असतं की नाही, मला माहीत नाही. ते कधीच कळणार नाही, आणि मला राग त्याचाच आहे. तुमच्या त्या गोऱ्या लोकांमध्ये आणि तुमच्यात मला आता फरक दिसत नाही. शेजारणीच्या हातचं खाऊन तिला शेजारीण न म्हणण्यात तुम्ही त्यांच्यातलेच होतात. या एका अर्थानं त्यांनी तुम्हाला आपलं म्हणायला हवं होतं.

निघताना चाचीनं तुमची बरणी माझ्या हातात दिली. "मी काय करू तिचं? घेऊन जा." हे पत्र मी तिला वाचून दाखवणार होते. आता दाखवणार नाही. तिनं ते सगळं एकटीनं सांभाळलं, आणि माझ्या रागात तिचा काही भाग नाही.

बीट घालून बरणी आमच्या खिडकीत ठेवली होती. आज पाणी आंबट झालं. दही घुसळलं, काकडी किसली, शेपू चिरला. आईनं आता घरात अंड्याला हरकत घेणं सोडलं आहे. तिनं चमच्याच्या टोकानंच चव घेतली, तोंड वाकडं केलं आणि मग आणखी एक चमचा घेतला. "ह्याला म्हणतात काय गं?" त्या पोलंडच्या बाईनं मला खरं नाव सांगितलं होतं. दोनदा म्हणून घेतलं होतं माझ्याकडून, आणि मला ते अजून नीट म्हणता येतं.

मी म्हणाले, "इंग्लिश सूप."