अडतीस छातीवाल्यांची टोळी

३ जून, सोमवार
पॅकिंगच्या एक्केचाळीस जणांना आणि मला नवे युनिफॉर्म. जबाबदारी स्टोअरची, म्हणजे माझी. साहेब म्हणाले, हे नीट पार पाडलंत तर स्टोअरप्रमुख तुम्हीच. म्हणजे झालोच! टेलरमास्तरने सगळ्यांच्या छातीची मापं घेतली, माझंही. सारखा गालात हसत होता. माणूस सरळ वाटत नाही.

४ जून
प्रत्येकाला वेगळं माप द्यायला हे काय लग्नाचे सूट आहेत? दोनच गट केले. लहान : ३४ ते ३८. मोठा : ३८ ते ४२. कसं सुटसुटीत! बायकोला दाखवलं. नुसतं 'हं' म्हणाली. जळते.

५ जून, दुपारी
लहान सत्तावीस, मोठे चोवीस. एक्कावन्न! आणि माणसं बेचाळीस. पुन्हा पुन्हा बेरीज केली, तेच. पाणी कुठेतरी मुरतंय. नऊ जण दोन-दोन युनिफॉर्म लाटायला बसलेत. माझ्या नाकाखाली!

६ जून
पॅकिंगचा एकूण एक माणूस दोन्ही गटांत ताडून पाहिला. आठ सापडले. आठही अडतीस छातीचे! योगायोग? छट्. टोळी आहे. त्यातले दोघे एकमेकांशी बोलतसुद्धा नाहीत. मुरलेले दिसतात.

७ जून
नववा हाती लागत नाही. पॅकिंगचे तर सगळे तपासले, म्हणजे आमच्या स्टोअरमधलाच कोणीतरी. तोच म्होरक्या. टेलरमास्तरला आडून विचारलं. म्हणे, अडतीसवाल्यांना एकाच गटात घाला, मिटलं. म्हणजे सगळ्यांना एकत्र आणायचं! डाव ओळखला मी. हाही सामील.
बायको म्हणते, अहो, जरा शांतपणे बघा. हिला कोणी पढवलं?

८ जून, शनिवार
आठ जणांना बोलावून चांगलं झापलं. एकाच्या डोळ्यांत पाणी आलं. नाटकी कुठला!
साहेबांना लेखी दिलं : नववा इसम सापडताच त्याला स्टोअरमधून कायमचं हाकलावं, कितीही जुना असो. खाली झोकदार सही.

१० जून, सोमवार
साहेबांनी मला, त्या आठ जणांना आणि टेलरमास्तरला केबिनमध्ये बोलावलं. मास्तर म्हणाला, चोरी कसली, अडतीसचा माणूस लहानातही मोजलाय आणि मोठ्यातही. मग त्याने दोन्हीकडची नावं मोठ्याने वाचली. आठ. आणि नववं माझं. अक्षरही माझंच.
मी म्हणालो, माप चुकलं असेल. सगळ्यांसमोर पुन्हा घेतलं. अडतीस.
साहेबांनी माझा अर्ज जसाच्या तसा मंजूर केला. उद्यापासून मी पॅकिंगला. त्या आठ जणांनी माझ्यासाठी जागा करून ठेवली आहे म्हणे. अगदी मधोमध.