चौबीस आणि चोवीस

पप्पा, मम्मीचा कालपासून तिसऱ्यांदा फोन आला. चर्चच्या मंडळीची स्मरणिका निघतेय. पवित्र भूमीच्या यात्रेने आपल्यात काय बदल झाला, यावर अर्धं पान लिहून द्यायचंय, आणि पाळकसाहेबांनी खास माझं नाव घेतलंय, कारण यरुशलेमला जाऊन हरवलेला अख्ख्या मंडळीत मी एकटाच. मम्मी म्हणाली, पप्पा सांगायचे तसंच लिही, लोकांना फार आवडायचं ते. म्हणून गाझियाबादच्या खोलीत बसलोय. खोली माझी नाही, मित्राची आहे, आणि त्याचा कूलर इतका आवाज करतो की आधी अर्धा तास तोच खोलून बसलो होतो. कागदही माझा नाही. प्रवाशांच्या यादीची कोरी बाजू आहे. तुम्हाला जाऊन दहा वर्षं झाली, तेव्हा हे तुम्हाला माहीत नसणार: मी सध्या दिल्ली-आग्रा बसवर माणसं नेतो-आणतो. त्याआधी ऋषिकेशला एका हॉटेलात होतो, त्याआधी कुरिअर, त्याआधी काय ते आठवायला बोटं लागतील. तुमच्या जागेवर ऑफिसने मम्मीला घेतलं, लक्ष्मीबाई नगरचा क्वार्टर वाचला, आणि मी मोकळा सुटलो.

लिहायला घेतलं आणि पहिलं काय आठवलं, तर यरुशलेम नाहीच. आपलं स्वयंपाकघर आठवलं. रविवारची उपासना आटोपून आल्यावर तुम्ही मटण करायचात, बाही दुमडून, टाय तसाच खांद्यावर टाकून. मला कांदे चिरायला बसवायचं आणि मधेच विचारायचं, एकोणसाठ म्हणजे किती? मी म्हणायचो, उनहत्तर. तुम्ही डोक्याला हात लावायचात. घरात मराठी बोलतो, मराठीत प्रार्थना करतो, आणि पोराला मराठीत मोजता येत नाही. पण यार पप्पा, शाळेत कोण मोजत होतं मराठीत? एकोणीसपर्यंत माझी गाडी बरी चालायची, पुढे सगळे आकडे मला चुलत भावंडांसारखे सारखेच दिसायचे.

यात्रेला गेलो तेव्हा मी सतरा वर्षांचा होतो, अकरावीत लटकलेला. मला न्यायचं की नाही यावर घरात आठवडाभर चर्चा चालली होती. तुमचं म्हणणं, तिथल्या मातीत पाय पडले की पोरगा सुधारेल. बसमध्ये प्रत्येकाला नंबर होता, आणि बस सुटायच्या आधी पुढून सगळ्यांनी आपापला नंबर ओरडायचा. दिल्लीचा ग्रुप, सगळं हिंदीत. तुम्ही बावीस. फक्त तुम्ही 'बाईस' न म्हणता छाती काढून 'बावीस' म्हणायचात, आणि रोज सकाळी बस हसायची. मम्मी लाजून 'तेईस' म्हणायची. मी चौबीस. माझ्या मागे पच्चीसवर करोल बागेच्या एक आंटी होत्या, त्यांच्या पर्समध्ये कायम आवळा कँडी असायची.

माझ्यामुळे बस आधी दोनदा थांबली होती. एकदा गालीलच्या काठावर मी जाळं शिवणाऱ्या म्हाताऱ्यापाशी बसून राहिलो, एकदा संडासची रांग सोडून मांजरामागे गेलो. दुसऱ्या वेळी मागून कुणीतरी म्हणालं, चलो भाई, महाराष्ट्र आ गया. सगळे हसले. तुम्ही नाही हसलात. हॉटेलवर जिन्यात मला थांबवून तुम्ही म्हणालात, "तुझ्यामुळे मला चाळीस माणसांसमोर मान खाली घालावी लागते. प्रभूच्या गावात तरी."

तिसऱ्या दिवशी यरुशलेमच्या त्या अरुंद दगडी गल्ल्यांतून सगळा ग्रुप लाकडी क्रूस आळीपाळीने खांद्यावर घेऊन चालला होता. तुमची पाळी आली तेव्हा तुम्ही डोळे मिटले होते, म्हणून तुम्हाला मी गेलेला दिसलो नसेन. पाववाल्याची हातगाडी पायऱ्यांवरून खाली येत होती. गाडीच्या मागे साखळीने एक टायर बांधलेला, आणि तो माणूस त्या टायरवर उभा राहायचा, की टायर दगडावर घासून ब्रेक लागायचा. मी असलं काही पाहिलं नव्हतं. मी त्याच्या मागे गेलो, एवढंच. गुन्हा म्हणा, काय म्हणा.

परत वेशीबाहेर आलो तर बस नाही. मला वाटलं चुकीची वेस. सगळ्या वेशी फिरलो. मग त्या पाववाल्यापाशीच येऊन बसलो, कारण तेवढाच ओळखीचा होता. त्याने विचारलं, हिंद? मी मान हलवली. त्याने तीळ लावलेला एक लांबट पाव मोडून अर्धा मला दिला आणि वर्तमानपत्राच्या पुडीत बांधलेली हिरवट, आंबटशी पूड. पुढे चार तास तो पाव विकत होता आणि मी त्याच्या गाडीला टेकून बसलो होतो. पहिला एक तास रडू येत होतं. मग येईना. घंटा वाजल्या, बांग झाली, कुणीतरी इब्री भाषेत भांडलं. मी प्रार्थना केली नाही पप्पा. पण तिथे मला कुणी काही विचारत नव्हतं, आणि तरी त्या माणसाची दर थोड्या वेळाने माझ्यावर नजर जायची. बास, एवढंच. यात्रेने माझ्यात काही झालं असेल तर ते त्या चार तासांत झालं, आणि ते अर्ध्या पानात मावेल असंही नाही.

तुम्ही आलात तेव्हा उन्हं उतरली होती. गाईडला घेऊन पळत आलात, मला मिठी मारली, आणि तुमचे केस ओले होते. माझ्या गालाला ते गार लागले. मी काही विचारलं नाही. मला वाटलं घामच.

मग दिल्लीला आल्यावर तुमची साक्ष. पहिल्याच रविवारी तुम्ही उपासनेत उभे राहिलात आणि सांगितलंत, की यार्देन नदीवर पांढरा झगा घालून तुम्ही पाण्यात उतरलात, डोकं बुडवलंत, आणि पाण्याखाली तुम्हाला आवाज ऐकू आला: मागे फिर, तुझा मुलगा राहिलाय. बारा वर्षांच्या येशूलाही आईबाप असेच यरुशलेमला विसरून पुढे गेले होते, ती जोड तुम्ही फार सुंदर दिलीत. तुम्हाला मी सापडलो तेव्हा मी म्हणे गुडघे टेकून बसलो होतो. मी पावाचे तीळ वेचत होतो पप्पा. बायका रडल्या. पाळकसाहेब रडले. त्यानंतर तुम्हाला गुडगावला, फरिदाबादला, कुठे कुठे साक्षीला बोलावू लागले, आणि दरवेळी मला पुढच्या बाकावर बसवून शेवटी उभं करायचे.

सहा महिन्यांनी आयएनएच्या मेट्रो स्टेशनवर पच्चीसवाल्या आंटी भेटल्या. कँडी दिली, मम्मीची चौकशी केली, आणि मग उगाच इकडेतिकडे बघत म्हणाल्या, "बेटा, उस दिन गिनती में चौबीस नहीं बोला था किसी ने. चोवीस बोला था."

मी म्हटलं, मतलब?

"मतलब तुम तो हमेशा चौबीस बोलते हो ना," त्या म्हणाल्या. मी मागच्या सीटवर पाय पसरून झोपलो असेन असंच त्यांनाही वाटलं होतं. यार्देनवर झगे वाटले, तेव्हा मम्मी माझा झगा हातात धरून प्रत्येक सीट बघत फिरत होती. पुरुषांची रांग तोवर पाण्यात उतरली होती. तुम्ही डोकं बुडवून वर आलात, तर काठावर मम्मी तो झगा घेऊन उभी होती. आवाज तिचाच असेल. पाण्याखाली कसा ऐकू आला, ते तुम्ही जाणा.

मराठीत मोजणारा त्या बसमध्ये एकच माणूस होता. का म्हणालात? पुन्हा कुणी 'महाराष्ट्र आ गया' म्हणू नये म्हणून? की खरंच वाटलं मी मागे झोपलोय? दुसरं असेल तर मी कधीच माफ केलंय. पण ते तुम्ही सांगायचं होतं. पाळकांना नको, मंडळीला नको, मला एकट्याला. मी विचारलंही होतं. त्याच स्वयंपाकघरात, कांदे चिरताना, तुम्ही काही विचारायच्या आत मीच म्हटलं, "पप्पा, चोवीस म्हणजे चौबीसच ना?"

तुमचा झारा पातेल्यात थांबला. बराच वेळ मसाला करपल्याचा वास येत राहिला. मग तुम्ही पाठ न वळवता म्हणालात, "कांदा बारीक चीर."

त्यानंतर तुम्ही मला एकोणसाठ म्हणजे किती, हे कधी विचारलं नाही. पुढच्या साक्षीत आवाज मात्र आणखी मोठा झाला, आता तो माझं नाव घेऊन हाक मारायला लागला. मी घरी येणं कमी केलं. दीड वर्षाने ऑफिसच्या जिन्यात तुमचं हृदय थांबलं आणि विचारायला कुणी उरलं नाही. मम्मीला मी विचारू शकत नाही. ती आंटींसारखी तीन नंबर पलीकडे नव्हती, अगदी तुमच्या शेजारी होती. तिने ऐकलं असेल तर मला ते कळायला नको, आणि नसेल ऐकलं तर तिला कळायला नको.

आता माझ्या बसमध्ये मी कुणाला नंबर ओरडू देत नाही. प्रत्येक सीटपाशी जातो, तोंड बघतो, झोपलेल्याची चादर बाजूला करतो. लोक चिडतात. ड्रायव्हर म्हणतो, भाई तू मजदूर है या दरोगा. मोजतो मात्र मनात, आणि कधीतरी लक्षात येतं की एकोणचाळीस, चाळीस, एकेचाळीस असं चाललंय. कधी शिकलो, माहीत नाही.

स्मरणिकेचं अर्धं पान मी मघाशीच लिहून मम्मीला फोनवर पाठवलं. तिने लगेच फोन केला. रडत होती. म्हणाली, अगदी तुझ्या पप्पांसारखं लिहिलंस. यार्देनचं पाणी आहे त्यात, आवाज आहे, मी गुडघ्यांवर आहे. पाववाला नाही. हा कागद यादीसकट बसच्या डॅशबोर्डमध्ये जाईल, बाकीच्या जुन्या याद्यांखाली. तुमच्या नंबरला कुणीतरी ओ द्यायला हवी होती पप्पा. मी दिली.