पाच आकडे

आई, आज शहापूरच्या बाजारात एका पेनासाठी मी पाऊण तास घालवला. रोजची डायरी लिहायला हवं होतं. हाताला जड नको, पानाच्या मागे उमटायला नको, आणि दाबून लिहावं लागू नये, कारण हल्ली दोन पानांनंतर अंगठा दुखतो. दुकानदारानं जेल पेनं काढली, बॉलपेनं काढली, एक शाईचं पेनही दाखवलं. प्रत्येक पेनानं मी कागदावर एक आकडा लिहीत होते आणि ओलं बोट त्यावरून फिरवत होते. "मॅडम, पेन घ्यायचंय का धुवायचंय?" तो म्हणाला. शाईच्या पेनाचा आकडा बोटाखाली निळा होऊन पसरला आणि मी ते पेन परत सरकवलं.

तेव्हा मी दहावीत होते. आपली वाडी वैशाखऱ्याच्या पुढे, आणि तू तिथल्या अंगणवाडीची बाई. शाळेत निबंधाला बक्षीस मिळालेलं शाईचं पेन मी तुला दिलं. तू रजिस्टरला दोऱ्यानं बांधलेलं बॉलपेन वापरायचीस आणि त्यावर खूश होतीस. "याला शाई भरा, झाकण सांभाळा. एवढे लाड कोण पुरवणार गो?" म्हणालीस, पण माझा चेहरा बघून त्या महिन्याची पोरांची वजनं त्याच पेनानं लिहिलीस. पंधरा दिवसांनी बांधावरून येताना तुझा पाय घसरला आणि रजिस्टरची पिशवी भाताच्या खाचरात पडली. चुलीपाशी आपण रजिस्टर उघडलं. बॉलपेनानं लिहिलेले मागचे सगळे महिने जागच्या जागी होते. या महिन्याच्या रकान्यात तेवढं निळं पाणी. आणि दुसऱ्या दिवशी अकराला सुपरवायझरबाई तपासणीला येणार होत्या.

"मागच्या वजनात थोडं थोडं वाढवून लिही," मी म्हटलं. "कोणाला कळतंय?" तू पान आगीवर धरून सुकवत होतीस. वर न बघता म्हणालीस, "पोरं किती वाढली ते तू ठरवणार काय गो? सकाळी परत तोलू."

सकाळी तू पाण्याला गेलीस तेव्हा मी रजिस्टर उघडलं. पेन माझं, म्हणजे चूक माझी, म्हणजे सावरायचीही मीच, असं काहीतरी डोक्यात होतं. तुझ्या बॉलपेनानं, तुझ्यासारखंच वळण देत, मी रजिस्टरातल्या पहिल्या पाच पोरांची वजनं भरली. सहाव्याला तुझी चाहूल लागली. तू रजिस्टर प्लास्टिकमध्ये गुंडाळलंस आणि वजनाचा काटा माझ्या खांद्यावर दिलास.

घरोघरी आढ्याला काटा टांगायचा, झोळीत पोर घालायचं, काटा थांबेपर्यंत श्वास धरायचा. बाया शेतावर निघालेल्या, कोणाला वेळ नव्हता. "परवाच तं टांगली होती पोर," एक म्हणाली, "बाईंचं मन भरत नाय वाटतं." तू म्हणालीस, "माझं रजिस्टर बुडालं गो. तुझी पोर नाय बुडाली ना? दे इकडं." मग रजिस्टर उघडलंस आणि माझे आकडे तुला दिसले. तू माझ्याकडे पाहिलंस. पहिल्या आकड्यावर आडवी रेघ मारलीस, शेजारी खरं वजन लिहिलंस आणि पुढच्या घराची वाट धरलीस. तू काहीतरी बोलावंस म्हणून मी प्रत्येक घराशी थांबत होते. तू काटा उतरवून पुढं निघत होतीस.

डोंगराकडचं शेवटचं घर आलं तेव्हा साडेदहा वाजत आले होते. दीड वर्षांची पोर झोळीत घातली. ती रडलीसुद्धा नाही. माझ्या पाचांत तिचंही नाव होतं; मी लिहिलेल्या आकड्यात ती सव्वाआठ किलोंची होती. काटा सातच्या आत थांबला. "आठ दिस जुलाब होतायत," तिची आई म्हणाली, "म्हटलं दात येतायत." तू पोरीच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडलीस. कातडी तशीच उभी राहिली; अंगात पाणीच उरलं नव्हतं.

"चल. मुरबाडला दवाखान्यात."

"आता? घरात विचारल्याबिगर?"

"घरात सांगायला ही आहे," तू माझ्याकडे बोट केलंस. "तू चल."

सडकेवर जीप उभी होती. "अजून चार शिटा भरू दे बाई," ड्रायव्हर म्हणाला. तू पोरीला घेऊन पुढं बसलीस. "शिटा वाटेत भर." जीप हलता हलता रजिस्टर माझ्या हातात दिलंस. "बाई आल्या की दाखव. सांग, सगळी खरी तोललीत."

बाई आल्या. पान बघून त्यांचा चेहरा बदलला. "ही खाडाखोड कसली? आधीचे आकडे कोणी लिहिले?"

"आईनं," मी म्हटलं.

पोर वाचली. चार दिवस सलाईन लागलं. तू परत आलीस आणि महिन्याभरानं तुला मेमो आला, अंदाजानं वजनं लिहिल्याबद्दल. अंगणात उभी राहून तू तो वाचलास, दुमडलास आणि पोचपावतीवर सही केलीस. जेवताना मला म्हणालीस, "भात घे अजून." तू विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं, असं मी किती वर्षं स्वतःला पटवत आले. तू विचारणार नाहीस हे मला माहीत होतं, आणि तुझ्या त्या न विचारण्याच्या आड मी लपून राहिले.

तू गेल्यावर ही गोष्ट मी खूपदा सांगितली. एका लेखातही लिहिली. त्यात रजिस्टर भिजतं, तू उजाडल्यावर घरोघरी काटा घेऊन फिरतेस, पोर वाचते. ऐकणाऱ्यांचे डोळे भरून येतात. माझे पाच आकडे त्यात कधीच नसतात. मेमोही नसतो. माझ्या एकाही डायरीत ते नाहीत.

शेवटी ज्याची शाई पसरली नाही ते पेन घेतलं. "कापड फाटेल, याचा डाग नाय जाणार," दुकानदार म्हणाला. घरी येऊन नव्या डायरीत त्या पेनानं तारीख घातली, भाजी काय केली ते लिहिलं, पेनाची तारीफ लिहिली आणि डायरी मिटली. मग हा सुटा कागद घेतला.

आई, हे पत्र मी पेन्सिलीनं लिहिलं आहे.